पाण्यापलीकडची घंटा

१

सोमवारी पहाटे वाकळदऱ्याच्या विहारात घंटेच्या जागी नुसता आकडा लोंबत होता.

घंटा काही सोन्याची नव्हती. पितळेची, आठ-नऊ किलो वजनाची. पण तीस वर्षांपूर्वी गावातल्या बायांनी घरातला कुणी तांब्या, कुणी वाटी, कुणी फुटकी समई देऊन ती ओतून घेतली होती. ‘माझ्या सासूचं फुलपात्र हाय तिच्यात’ असं सांगणाऱ्या बाया गावात अजून आहेत. म्हणजे चोरी एका विहारात झाली खरी, पण ती घरोघर झाल्यासारखी लागली.

घंटेबरोबर माणूसही गेला होता. सोनाजी खंदारे, वय अठ्ठावन्न. विहाराची किल्ली त्यांच्याकडे, रोज सकाळी वंदनेआधी घंटा वाजवायचं काम त्यांचं. मोबाईल घरात चार्जिंगला लावलेला, दारामागचं एक रिकामं पोतं गायब. मोबाईल मुद्दाम ठेवला, म्हणजे माग लागू नये, असं कुणीतरी म्हणालं आणि गावानं लगेच निकाल लावून टाकला. दुपारी पोलिसांत अर्ज गेला. औंढ्याच्या, हिंगोलीच्या बसस्टँडवर पोरं जाऊन बघून आली. संध्याकाळपर्यंत सोनाजींच्या घरावरून जाणारे लोक पलीकडच्या अंगानं चालू लागले.

हे सगळं मला गुरुवारी कळलं. मी पोलीस नाही. मी शिला, राहणार हिंगोली. म्हाताऱ्यांचे कान तपासणं हे माझं काम. गावोगाव शाळेत शिबिर लावायचं, हेडफोन चढवायचे, मशीनमधून बारीक-मोठे आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बोट वर करायला सांगायचं. निम्मे लोक ऐकू न येताच बोट वर करतात. माणसाला सगळं गमावलेलं चालतं, कान गेलेले मात्र कबूल होत नाहीत.

शिबिरात साक्षी नावाची पोरगी नावं लिहून घ्यायला बसली होती. नर्सिंगला शिकणारी, गप्प, डोळे सुजलेले. ती सोनाजींची मुलगी हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

रांगेत शेवटी मालनबाई आल्या. पंच्याहत्तरच्या पुढं वय. गावाजवळच्या तलावाला वळसा घालून पलीकडच्या काठावर शेतातच एकट्या राहतात, तिकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. आठ दिवसांत त्या गावात आल्या नव्हत्या.

“माझ्या कानाला काई झालं न्हाई, बाई,” हेडफोन ढकलत त्या म्हणाल्या. “आज सकाळीच आपल्या विहारातली घंटा ऐकली की म्या.”

रांग हसली. मग एकदम कुणीच हसेना.

२

“आजी, घंटा सोमवारपासून न्हाई,” कुणीतरी सांगितलं. “सोनाजी घेऊन पळाला.”

मालनबाईंनी सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहिलं. “काहून थट्टा करून राहिले? मंगळवारी ऐकली, काल ऐकली, आज ऐकली. रोज वंदनेच्या टायमाला. मी हात जोडून बसते ना तिकडं.”

खरं सांगते, मलाही वाटलं, म्हातारीच्या कानात वाजतंय. असं पुष्कळांना होतं. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला गिरणी. मी तिला खुर्चीत बसवलं आणि तपासलं. बारीक, टोकदार आवाज तिच्यासाठी मेलेलेच होते. पण जाड, घुमणारे आवाज तिनं माझ्यापेक्षा लवकर पकडले. आणि एकदाही खोटं बोट वर केलं नाही.

दुरून येणाऱ्या आवाजाचं असंच असतं. वाटेत त्यातलं बारीक सगळं हवा खाऊन टाकते, नुसता घुमारा उरतो. ज्या कानाला घुमारा तेवढा कळतो, त्या कानाला लांबचं ऐकायला अडचण नाही.

साक्षी वही टाकून उठली होती. “आजी, ठोके किती?”

“तीन. मग जरा थांबून पाच.”

साक्षी भिंतीला टेकली. “ताई, तीन त्रिसरणाचे, पाच पंचशीलाचे. अशी घंटा फक्त माझे बाबा वाजवतात.”

३

दुपारी शिबिर उरकलं. माझी हिंगोलीची बस साडेचारला होती. मी ती सोडली. का सोडली म्हणाल, तर त्या पोरीनं थांबा म्हटलं नाही म्हणून. नुसती माझ्या मशीनच्या वायरी गुंडाळत राहिली, अगदी नीट.

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

“पहिल्या रात्री मला बी वाटलं, ताई, गेले असतील घेऊन. सगळं गाव म्हणत होतं.” तिनं गुंडाळलेली वायर पेटीत ठेवली. “तेच मला सहन होऊन न्हाई राहिलं.”

विहार समितीचे अध्यक्ष रत्नपाल गुरुजी ओसरीवर पेपर वाचत बसले होते. निवृत्त शिक्षक, पांढरी टोपी, शब्द मोजून. “मॅडम, किल्ली एकाकडंच व्हती. कुलूप तुटलं न्हाई. आता तुमीच सांगा. पौर्णिमेच्या बैठकीत किल्ली दुसऱ्याकडं द्यायचं ठरलंय.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, गणित सुटल्याचं समाधान होतं. मला ते रागापेक्षा वाईट वाटलं.

गावातल्या तरुण मंडळाचा कुलदीप विहारासमोर भेटला. पंचविशीचा, हसरा, सगळ्यांच्या कामाला धावणारा. रविवारी संध्याकाळी विहारात लायटिंगच्या माळा त्यानंच बांधल्या होत्या. आज हसू येत नव्हतं. “जाऊ द्या ना मॅडम. त्या फुटक्या घंटेपायी गावाची किती बदनामी. म्हातारीच्या बोलण्यावर तुमी काहून टाइम घालवता?”

तिसरे बालाजी. त्यांचं शेत तलावाच्या अलीकडच्या काठाला, गाव आणि औंढ्याच्या मधे जो डोंगर आहे, बरोबर त्याच्या पायथ्याशी. हळद शिजवायचं काम चालू होतं, कुकरमधून वाफ निघत होती, अंगणभर पिवळा वास. ते म्हणाले, “ताई, म्हातारी पाण्यापल्याड अडीच किलोमीटरवर. तिला घंटा ऐकू येते, अन् मला इथं डोंगराखाली येत न्हाई? मी पहाटं चारपासून जागा असतो. एक ठोका बी ऐकला असंल तर शपथ.”

बालाजींचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. मालनबाईंचाही नव्हता. दोन खरी माणसं, आणि दोघांचं म्हणणं एकमेकांच्या उलट. मी त्या रात्री मालनबाईंच्या आखाड्यावर मुक्काम टाकला. साक्षीही आली.

४

पहाटे तलाव दिसतच नव्हता. धुकं पाण्यावर पसरून निजलं होतं आणि त्याच्यावर डोंगराचा माथा तेवढा तरंगत होता, जणू कुणी तो तिथं ठेवून विसरून गेलं. थंडी अशी की श्वासही हळू घ्यावासा वाटे. पण ऐकू काय काय येत होतं! पलीकडच्या काठाला कुणीतरी खोकलं, ते माझ्या शेजारी खोकल्यासारखं. कुठल्यातरी बाईनं बादली आपटली. लांब शिरड शहापूरच्या वाटेवर एक मोटारसायकल चालू झाली आणि माझ्या कानातून आरपार निघून गेली. मला वाटलं, आपण अजून झोपेत आहोत आणि सगळा मुलूख आपल्या उशाशी येऊन बसलाय.

मी साक्षीला काठाकाठानं अर्धा किलोमीटर पुढं, पाणी उपसायच्या मोटारीच्या खोलीपाशी उभं केलं होतं. तिच्या हातात एक काठी, मालनबाईंच्या हातात एक. काम एकच. आवाज आला की ज्या दिशेनं येतो तिकडं टोक करून काठी जमिनीवर ठेवायची आणि मग तिला हात लावायचा नाही.

सहाच्या सुमाराला तो आला.

ठण्. ठण्. ठण्.

 मालनबाईंनी सवयीनं हात जोडले, मग दचकून काठी उचलली आणि समोर, थेट पाण्यापलीकडच्या डोंगराच्या दिशेनं ठेवली.

“आजी, नेहमी पण समोरूनच यायची?”

“न्हाई गं. नेहमी डावीकडून, तलावाच्या भिंतीकडून. गाव तिकडं हाय ना. ह्या चार दिसांतच समोरून येऊन राहिली. म्या म्हटलं, धुक्यात काय दिशा कळते माणसाला.” त्या पुटपुटल्या, “अन् आवाज बी आखूड झालाय. पहिलं घुमत राहायची. आता भांड्याला तडा गेल्यावानी लगीच मरते.”

आम्ही पुढच्या पाच ठोक्यांची वाट पाहत राहिलो.

ठण्.

बऱ्याच वेळानं, ठण्.

आणि मग काही नाही. काठावरून साक्षी धावत येताना दिसली, काठी मात्र तिनं जागेवर सोडली होती. “ताई, दोनच! काल आजीनं पाच ऐकले. बाबा पाच सोडून कधी थांबत न्हाईत.”

आजारी माणसाची नाडी मोजावी तशी आम्ही तिघी उभ्या होतो. कुणीतरी तिकडं दमत चाललं होतं.

५

मालनबाईंच्या शेजारच्याची मोटारसायकल घेऊन मी आणि साक्षी तलावाला वळसा घालून निघालो. वाटेत थांबून थांबून ऐकत होतो. एकदा एक ठोका आला, अगदी पुसट. जसजसं जवळ जावं तसतसा आवाज विरत गेला, आणि बालाजींच्या शेतात पोचलो तेव्हा तिथं हळदीचा कुकर सोडून काहीही ऐकू येत नव्हतं. सूर्य वर आला होता. साक्षी बांधावर बसून रडायला लागली.

आमच्या मागोमाग कुलदीप आला होता, बालाजींचा जावई आला होता, आणखी चार-पाच जण. “सांगितलं न्हाई मी?” कुलदीप म्हणाला. “जवळ गेलं की ऐकू येत न्हाई, अशी कुठं घंटा असते का?”

त्याच वेळी मागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मालनबाई उतरल्या. त्यांनी ते ऐकलं आणि वर डोंगराकडं पाहिलं.

“काहून नसते? ज्वारीची राखण करताना उंच माळ्यावरून गोफण फिरवली, तर गोटा माळ्याखाली पडतो का? तो जातो की दुसऱ्याच्या वावरात.”

मी जागच्या जागी थांबले. सोळा वर्षं मी कान तपासते, आणि आवाज हवेतून कसा चालतो हे मला एका राखणदार बाईनं शिकवलं.

“आजी बरोबर सांगतात,” मी सगळ्यांना म्हणाले. “आवाज सरळ चालत नाही, वाकतो. थंड हवेतून हळू जातो, गरम हवेतून वेगानं, आणि वाकतो तो थंडीच्या बाजूला. हिवाळ्यात पहाटे खाली पाण्यावर गार हवा साचते, वर ऊबदार हवा असते. त्यामुळं वर निघालेला आवाज परत खाली वळतो आणि लांब, पाण्यापलीकडं उतरतो. ऊन चढलं की उलटं. जमीन तापते, आवाज वरच्या वर निघून जातो, मग दिवसभर कितीही वाजवा, कुणाला ऐकू येत नाही. पहाटेसुद्धा तो बालाजीभाऊंच्या डोक्यावरून जातो, कारण घंटा वर आहे, आणि तिच्या पुढं काहीतरी आड आहे. भाऊ खोटं बोलत नाहीत. आजीही नाही.”

“मग घंटा कुणी वाजवून राहिलं?” बालाजींनी विचारलं.

“जो ती घेऊन डोंगरावरून चालला होता तो. चोर चोरलेली घंटा वाजवत बसत नाही. आणि कुलदीप, तू मला एक सांग. काल तू तिला फुटकी म्हणालास.”

“असंच म्हटलं, मॅडम. रागानं.”

“रागानं माणूस मेली म्हणेल, नासकी म्हणेल. रविवारी संध्याकाळी वंदनेला घंटा चांगली घुमली, हे अख्ख्या गावानं ऐकलं. सोमवारी ती गेली. तिला तडा गेलाय हे आजच्या पहाटेपर्यंत जगात कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला तिच्या आवाजावरून कळलं. तुला कशावरून कळलं?”

कुलदीपनं खाली पाहिलं. मग त्याच्या तोंडून सगळं घडाघडा बाहेर पडलं. वंदनेनंतर माळा बांधताना शिडी घंटेला लागली, घंटा आकड्यातून निसटून पायरीवर आदळली आणि तडकली. सोनाजी तेवढे तिथं होते. कुलदीप त्यांच्या पाया पडला. सोनाजी म्हणाले, रडू नको लेका, औंढ्याला मंदिराजवळ ओतारी आहे, त्याला रात्रीच उठवून तडा झाळून बुजवून आणतो, उद्याच्या वंदनेला कुणाला कळायचं नाही. रस्त्यानं गेलं तर दहाजण पोत्यात काय विचारतील, म्हणून अंधारातच डोंगरवाटेनं निघाले.

“अन् तू चार दिस गप्प?” साक्षीचा आवाज फाटला.

“मला वाटलं, खरंच घेऊन गेले. मग वाटलं, सांगितलं तर मीच फोडली हे बी सांगावं लागंल.”

बालाजींनी त्याला मारायला हात उगारला. मी म्हटलं, नंतर मारा. डोंगरवाट चार किलोमीटरची, झुडपं, दऱ्या, ओहोळ. कुठं शोधायचं? मी बालाजींच्या जावयाला पलीकडच्या काठावर फोन लावायला लावला. धुकं आता उठलं होतं. तिकडं मालनबाईंचा शेजारी आधी आजीच्या काठीमागं बसला, एक डोळा मिटून टोकाच्या रेषेत बघत राहिला. मग पळत मोटारीच्या खोलीपाशी गेला आणि साक्षीच्या काठीमागं बसला.

“दोन्ही काठ्या एकाच जागी बोट दावून राहिल्या,” तो फोनवर ओरडला. “डोंगराच्या पोटाला पांढरा डाग हाय ना? जुनी खदान!”

दगडाची खदान, वीस वर्षांपासून बंद. गावाकडून कातळाची भिंत, बालाजींच्या शेताकडून उंच कड, फक्त वरून आणि तलावाच्या अंगानं आभाळ मोकळं. आम्ही धावलो. सगळ्यांच्या पुढं कुलदीप धावत होता.

खदानीच्या तळाशी पावसाळ्याचं हिरवं पाणी साचलेलं होतं. त्याच्या काठाला पोतं पांघरून सोनाजी पडले होते. उजवा पाय गुडघ्याखाली वेडावाकडा. पोटाशी घंटा धरलेली, हातात दगड. साक्षी कपारीतून घसरत खाली उतरली आणि तिनं आधी, शिकवल्याप्रमाणे, मानेजवळ दोन बोटं लावली. 

“हाय,” ती म्हणाली. “हाय! जिवंत हाय!”

६

रविवारी मी त्यांना दवाखान्यात भेटायला गेले. पाय प्लास्टरमध्ये, ओठ फुटलेले, डोळे मात्र स्वच्छ. अंधारात खदानीच्या कडेचा दगड सुटला आणि ते घंटेसकट खाली आले होते. त्या पाण्यावर चार दिवस काढले. रोज पहाटे वंदनेच्या वेळेला, आणि मग दिवसभर अंगात जोर येईल तेव्हा वाजवत राहिले.

“तीन आणि पाचच का वाजवले?” मी विचारलं. “नुसतं एकसारखं वाजवायचं.”

“नुसतं वाजवलं असतं तर ढोराच्या गळ्यातली वाटली असती, बाई. तीन अन् पाच ऐकलं की लोकाला कळंल, सोनाजी हाय, असं वाटलं.”

खाटेजवळ बसलेल्या मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. “कळलं रे बाबा. म्हणून तर फसले. मला वाटलं, वंदनेला बोलावून राहिला. तीन सकाळी तू मदत मागून राहिला, अन् म्या हात जोडून डोळे मिटून बसले.”

“तुमी तरी ऐकलं, आजी,” सोनाजी म्हणाले.

तेवढ्यात गावातली मंडळी आली. रत्नपाल गुरुजी, समितीचे तिघं-चौघं, मागं दाराशी कुलदीप. त्यानं शनिवारी विहारात सगळ्यांसमोर उभं राहून सगळं सांगितलं होतं, हे मला साक्षीनं कानात सांगितलं. गुरुजींनी हार आणला होता. किल्ली तुमच्याकडंच राहील, अर्ज मागं घेतला, असं म्हणाले. मग माझ्याकडं वळले आणि हवेचं ते पुन्हा एकदा सांगा म्हणाले, कारण सगळ्यांना नीट समजलं नव्हतं. मी सांगितलं. गार हवा, ऊबदार हवा, डोक्यावरून जाणारा आवाज. मंडळी माना डोलवत होती. प्रत्येकाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसत होता.

“म्हणजे आपला काई दोष न्हाई,” गुरुजी म्हणाले. “आवाजच गावात आला न्हाई. हवेचाच खेळ सगळा.”

सोनाजी हार बाजूला ठेवत होते. ते थांबले.

“बाईचं मला पटलं, गुरुजी. माझा आवाज हवेनं दुसरीकडं नेला. तुमाला ऐकू आला न्हाई, त्याची तकलीफ न्हाई मला.” ते रागानं बोलत नव्हते, खरंच विचारत होते. “पर गावातलं साधं वासरू हरवलं तरी आपण डोंगर पालथा घालतो. मी चार दिस घरी आलो न्हाई. मला शोधाया एक बी माणूस डोंगराकडं काहून आला न्हाई? ते बी हवेनंच अडवलं का?”

साक्षीनं मान फिरवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. दाराशी कुलदीप रडत होता. 

गुरुजींनी टोपी काढली.  बाकीची मंडळी एकेक करून बसच्या वेळेला निघाली. गुरुजींनी मात्र कोपऱ्यातला स्टूल ओढला आणि खाटेशी बसले, आणि संध्याकाळी नर्सनं उठवेपर्यंत तिथंच बसून होते.